मागची सीट

परवा भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. चिनी बनावटीची लहानशी व्हॅन. आपल्याकडे मिळत नाही, पण देशोदेशी विकतात म्हणे. एक गोरापान माणूस हसत हसत मागची सीट काढतो, बाजूला ठेवतो आणि आत्ता जिथे माणसं बसली होती तिथे खोकी रचतो. मग खोकी उतरवून पुन्हा सीट बसवतो, की बायको-पोरं चढायला तयार. सगळं मिळून दोन मिनिटं.

"पाह्यलं का मामा, काय डोकं आहे या लोकांचं!" भाचा म्हणाला.

मी म्हटलं, "हे डोकं तुझ्या आजोबाचं आहे. त्यानं हे ऐंशीच्या दशकातच करून ठेवलं होतं."

तो हसला. मी आयुष्यभर इतकं कमी बोललो आहे की चुकून कधी खरं बोललो तर घरच्यांना गंमत वाटते. पण त्या सीटचं पुढचं मी त्यालाही सांगितलं नाही. सांगायची सवयच नाही. आता पन्नाशी उलटली, आणि एका माणसाला तसा शब्द दिला आहे, म्हणून लिहून टाकतो.

आमचं गाव पांढुर्णा आणि सौंसर यांच्या मधे, सडकेपासून अर्धा कोस आत. संत्र्याच्या बागा, थोडा कापूस, घरात मराठी, कचेरीत हिंदी. वडिलांनी व्हॅन घेतली ती नागपूरच्या एका डॉक्टरकडून, जुनी. पांढरा रंग, सरकतं दार, इंजिन पुढच्या सीटच्या बरोब्बर खाली. उन्हाळ्यात ड्रायव्हर खालून शेकून निघायचा. ड्रायव्हर मीच. बी.ए.ला दोनदा बसलो होतो आणि दोन्ही वेळा विद्यापीठाचं आणि माझं जमलं नव्हतं, तेव्हा वडिलांनी माझ्या हाती स्टिअरिंग देऊन प्रश्न मिटवला.

ती व्हॅन बनवणाऱ्यांनी पाच जणांसाठी बनवली होती. वडिलांच्या मते त्यांना आपल्याकडच्या माणसांचा अंदाज नव्हता. बाजाराच्या दिवशी आम्ही सौंसरला तेरा माणसं नेत असू, दोन कोंबड्या धरल्या नाहीत तर. आणि संत्र्याच्या दिवसांत सकाळी पांढुर्ण्याच्या मंडीत पेट्या. त्यासाठी मागची सीट काढावी लागे. चार बोल्ट, एक पाना, दोन माणसं. पेट्या उतरल्या की सीट परत लावायची आणि माणसं भरायची. प्रवाशांच्या कपड्यांना दिवसभर संत्र्याचा वास यायचा. वडील म्हणत, बाकीच्या गाड्यांत डिझेलचा वास येते, आपल्यात अत्तराचा येते.

काढलेली सीट सुरुवातीला ओसरीवर पडून असायची आणि तिच्यावर मांजर निजायची. एक दिवस मायने ती उचलून बैठकीत आणली, खाली विटा लावल्या, विटा दिसू नयेत म्हणून पुढून जुन्या लुगड्याची झालर सोडली आणि पाठीवर क्रोशाचा रुमाल टाकला. त्याच संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. "अरे वा, सोफा घेतला वाटते?" वडिलांनी सीटकडे पाहिलं, सेक्रेटरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो. नागपूरचा आहे."

यात खोटं काहीच नव्हतं. आमच्या घरातलं खोटं नेहमी असंच, पकडायला गेलं तर हाती लागायचं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे व्हॅन होती आणि सोफाही होता. फक्त दोन्ही एका वेळी नव्हते. त्या सोफ्यावर बसणारा माणूस थोडा मागे कलायचा आणि समोर सडक असल्यासारखा भिंतीकडे टक लावून बघायचा. गावात कोणाला कळत नव्हतं असं नाही. तेरा जणांत कोंबून त्याच रेक्झिनवर ते सौंसरला जाऊन आले होते. पण बैठकीत आले की तेच लोक तिच्यावर जरा अदबीने टेकत.

आता सोवळ्याचं सांगतो. सीट गाडीत असली की ते वाहन, तिच्यावर कोणीही बसावं, कोणत्याही मोहल्ल्यातलं. घरात आली की ती बैठक. म्हणून उंबरठा ओलांडताना दर वेळी माय तिच्यावर गोमूत्र शिंपडायची, मग ओल्या फडक्याने पुसायची. सीट काढायला-लावायला माझ्याबरोबर आमचा सालदार असायचा. गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत वर्षाच्या बोलीवर आमच्या बागेत राबणारा माणूस, बौद्ध मोहल्ल्यातला. बोल्ट तोच काढायचा, त्याच्या हाताला ते लवकर सुटत. सीटचं एक टोक त्याच्या हाती, एक माझ्या. उंबरठ्यापाशी तो थांबायचा. तिथून त्याचं टोक माय धरायची. त्याने ती सीट शंभरदा उचलली असेल, आमच्या घरात तिच्यावर एकदाही बसला नाही. उचलली तर चालत होतं, टेकलं तर बाटत होतं. हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता आणि मला तो त्या वेळी विचित्रही वाटला नव्हता. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की मी तेव्हापासूनच शहाणा होतो.

त्या सालदाराची थोरली मुलगी मॅट्रिक झाली होती. त्या मोहल्ल्यातली पहिली. घरोघरी रॉकेलची चिमणी असताना तिने काय आणि कसं वाचलं तिचं तिला ठाऊक. एक दिवस तिला छिंदवाड्याहून कागद आला. नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी मुलाखत, शनिवारी सकाळी अकरा वाजता हजर राहावे. कागद हिंदीत होता. सालदार तो घेऊन माझ्याकडे आला. मी वाचून दाखवला, मग पुन्हा एकदा, मग तो म्हणाला, "भाऊ, ते अकरा वाजताचं आहे ना, ते अजून एक डाव वाचा."

अडचण छिंदवाड्याची नव्हती. सौंसरहून छिंदवाड्याला गाड्या होत्या. अडचण होती ती आमच्या फाट्यावरून सकाळी सौंसर गाठायची. आमच्याकडची पहिली बस कधी सातला यायची, कधी नऊला, कधी ड्रायव्हरच्या सासुरवाडीला काही असलं तर यायचीच नाही.

सालदाराने वडिलांना विचारलं ते देवळाच्या पारावर, चार माणसं बसली असताना. वडिलांना चार माणसं पुरत. म्हणाले, "अरे, गाडी काय माही एकट्याची आहे? गावाची आहे! शनवारी साडेसहाले पोरीले तयार ठेव. माहा पोरगा सोडून देईन सौंसरपर्यंत. आपल्या गावची पोरगी नर्स होऊन राहिली, लहान गोष्ट आहे काय?"

चौघांनी माना डोलावल्या. वडिलांना आपण बोललो ते स्वतःलाच इतकं आवडलं की घरी येऊन त्यांनी मायला पुन्हा ऐकवलं.

नेमका त्याच शनिवारी माझ्या बहिणीला पाहायला काटोलकडचे पाव्हणे येणार होते, दुपारी चारला. घोळ काही नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी सीट आत आली, शिंपडून पुसून तयार झाली. ठरलं असं की पहाटे मी आणि सालदाराने ती काढून गाडीत लावायची, मुलीला सोडून मी साडेआठपर्यंत परत, सीट आत, पुन्हा गोमूत्र, आणि चारच्या आधी सोफा जागेवर. माय कुरकुरली, "एका पोरीसाठी एवढी उठाठेव," पण वडिलांचा शब्द पारावर गेला होता.

शनिवारी पहाटे सहाला दार वाजलं. पाव्हणे! मुलगा, त्याचे वडील, मामा आणि आत्या. रात्रीच्या गाडीने पांढुर्ण्याला उतरले होते आणि कोणाच्या तरी जीपने फाट्यावर आले होते. मामांनी पंचांग काढून पाहिलं तर दुपारचं पाहणं त्यांना पटेना. "म्हटलं, सकाळीच उरकून टाकू," मामा म्हणाले आणि सोफ्यावर बसले. त्यांच्या डावीकडे मुलाचे वडील, उजवीकडे आत्या. मुलगा बिचारा खुर्चीवर. तिघेही थोडे मागे कलले आणि समोरच्या भिंतीकडे बघू लागले. वाटलं, आता तिकीट मागतात की काय.

"सोफा चांगला आहे," आत्या म्हणाल्या. "नागपूरचा का?"

"नागपूरचाच," वडील म्हणाले.

साडेसहाला अंगणाच्या फाटकाशी सालदार आला. त्याच्या हातात पाना होता. गोठ्यातून त्याने तो आधीच काढून आणला होता, म्हणजे माझा वेळ वाचावा. मागे मुलगी. पांढरी, कडक इस्त्रीची साडी, गावच्या नर्सबाईंकडून मागून आणलेली असावी, कारण तिला ती थोडी आखूड होती. हातात कागदांची पिशवी, छातीशी धरलेली.

वडिलांनी मला डोळ्यांनीच बाहेर जायला सांगितलं. काय करायचं ते मात्र सांगितलं नाही. ही त्यांची खुबी होती. पुढे कधी विषय निघाला असता तर ते म्हणू शकले असते, मी कुठे काय म्हटलं?

"सीट काढू काय भाऊ?" सालदाराने विचारलं. मग ओसरीवरचे जोडे पाहून म्हणाला, "पाव्हणे लवकर आले वाटते."

"हो."

मुलगीच बोलली, "सीट नसली तरी चालते भाऊ. मी पोत्यावर बसते. बाबा बी बसते."

खरंच चालण्यासारखं होतं. वीस-पंचवीस किलोमीटर. पाव्हणे चहा पीत होते, मी तासाभरात परत आलो असतो. पुढची सीट रिकामीच होती, पण सालदाराची पोरगी माझ्या शेजारी बसलेली पाव्हण्यांनी पाहिली तर काय, हा विचार माझ्या मनात आला. आणि पोत्यावर बसलेली पाहिली तर ते विचारतील, गाडीत सीट का नाही? मग कोणाची तरी नजर झालरीकडे जाईल. बहिणीचं लग्न, वडिलांची अब्रू आणि मायचा क्रोशाचा रुमाल, सगळं त्या चार बोल्टांवर आलं. तिचं काय त्यावर आलं होतं ते मला माहीत होतं. तो कागद मीच तीनदा वाचून दाखवला होता.

आतून मामांचा आवाज आला, "कोण आहे हो?"

मी आतल्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "बॅटरी उतरली. गाडी सुरूच होऊन नाही राहिली."

सालदाराने एकदा गाडीकडे पाहिलं. "मंग धक्का मारू ना. मोहल्ल्यातून चार पोट्टे आणतो, आत्ता होते सुरू."

"धक्क्यानंही नाही होत. पाहून झालं."

"बरं," तो म्हणाला. त्याने पाना फाटकाच्या भिंतीवर नीट, पडणार नाही असा ठेवला. मुलीने माझ्याकडे पाहिलं. दोघं फाट्याकडे चालू लागले, अर्धा कोस. ती साडी दोन्ही हातांनी वर धरून भराभर चालत होती आणि तिची पिशवी दर पावलाला गुडघ्यावर आपटत होती.

इथपर्यंत असतं तर मी कदाचित आयुष्यात ते पचवलं असतं. मी याहून लहान-मोठं पुष्कळ पचवलं आहे. पण चहा-पोहे झाल्यावर मामांना भक्तीचा उमाळा आला.

"शनवार आहे. जामसावळी इथून जवळच ना? आधी मारुतीचं दर्शन घेऊ, मंग मुलगी पाहू. तुमची गाडी आहेच."

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "बॅटरी उतरली म्हणत होते ना?"

"पोराले काय समजते," वडील म्हणाले. "वायर ढिली असन. पाह्य रे."

मग त्यांनी घरातल्या दोन गाद्या, चादर आणि तीन लोड व्हॅनमध्ये टाकायला लावले. पाव्हणे दाराशी येऊन आत डोकावले. आत सीट नाही. खाली नुसता पत्रा होता, त्यावर आमच्या गाद्या, आणि बोल्टांच्या भोकांवर लोड.

"सीट नाही?" मामांनी विचारलं.

"ठेवतच नाही," वडील म्हणाले. "लोखंडावर काय बसायचं पाव्हणे? आपली भारतीय बैठक. मांडी घाला, टेकून बसा. मोकळं वाटते."

आत्यांना ही कल्पना फार पटली. त्या काटोलपासून पाय लोंबकळत ठेवून कंटाळल्या होत्या. मुलाचे वडील म्हणाले, "खानदानी विचार आहे." माझे वडील मान खाली घालून हसले, स्तुती झाल्यावर हसतात तसे. सोफ्यावरून उठवून पाव्हण्यांना त्या सोफ्याच्या रिकाम्या जागेत बसवायचं आणि वर शाबासकी मिळवायची, हे दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. त्या माणसाला गावाने सरपंच केलं नाही, हा गावाचा तोटा.

मी किल्ली फिरवली. एरवी तीनदा खोकणारी ती गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

फाट्यावर आलो तर ते दोघे उभे होते. बस आलेली नव्हती. सालदार सडकेच्या कडेला, मुलगी त्याच्या एक पाऊल पुढे. लांबून गाडी दिसली म्हणून दोघांनी हात केला, कोणतीही गाडी असती तरी केला असता. मग गाडी ओळखू आली. सालदाराचा हात वरच्या वर वळला आणि त्याचा रामराम झाला. मुलीचा हात मात्र तसाच राहिला, थांबवायला वर केलेला.

मी वेग कमी केला. हे मी केलं. वडिलांनी सांगितलं नव्हतं, माझा पायच गेला ब्रेकवर. गाडी त्यांच्या पुढे जाऊन हळू झाली तशी ती दोघं गाडीमागे पळू लागली. आरशात दिसलं, सालदाराने खांद्यावरचा दुपट्टा हातात घेतला होता आणि मुलीने पिशवी डोक्यावर धरली होती.

मागून मुलाचा आवाज आला. त्या सकाळी तो पहिल्यांदाच बोलला. "थांबवा ना. गादीवर जागा आहे."

"आमचा सालदार होय," वडील म्हणाले. "त्याइले गाडी लागते. ओकतेत."

मी पायाखालचा ब्रेक सोडला आणि गिअर बदलला. वर हॉर्नही वाजवला. का वाजवला ते आजही सांगता येत नाही. सडकेवर माणूस दिसला की वाजवायची सवय, दुसरं काय असणार.

जामसावळीला मारुती निजलेला आहे. आमचे पाव्हणेही गादीवर अर्धे निजूनच पोहोचले, फार खूश होते. मी आत गेलो नाही. इथे लिहायचा मोह होतो की देवाला तोंड दाखवायची लाज वाटली, बाहेर बसून डोळे भरून आले. खरं सांगतो, मी भजी खाल्ली. एक प्लेट, मग अर्धी. तिथून सौंसरचा स्टँड जवळच होता, आणि आमचा फाटाही फार लांब नव्हता. पाव्हण्यांची पूजा चालू होती तेवढ्यात जाऊन, दोघांना घेऊन, सोडून परत आलो असतो. घड्याळ पाहिलं, हा हिशेब केला आणि मिरची मागितली.

परत येताना ती दोघं फाट्यावर नव्हती. मला हलकं वाटलं. मनात म्हटलं, गेली म्हणजे बस मिळाली, झालं.

बस साडेनऊला मिळाली होती. सौंसरला उतरले तेव्हा छिंदवाड्याची गाडी नुकतीच सुटली होती. पुढची घाट चढून पोहोचली तेव्हा एक वाजून गेला होता. तिचं नाव पुकारून झालं होतं. टेबल आवरणाऱ्या बाबूने हिंदीत सांगितलं, अगली बार आना. अगली बार दोन वर्षांनी आली, आणि तोवर तिचं वय कागदावरच्या वयाच्या अटीपुढे गेलं होतं.

सोमवारी सालदार कामावर आला. विहिरीपाशी मोट लावताना तो सहज म्हणाला, "बॅटरी बसली काय भाऊ नीट?"

"बसली," मी म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला.

यात टोमणा होता का, ते मी पुढची कित्येक वर्षं ठरवत राहिलो. कधी वाटे, होता. कधी वाटे, छे, साधा माणूस. ज्या दिवशी मला जे सोयीचं असेल ते वाटे.

यापुढचं त्याहून वाईट आहे. गावाला कारण लागतं. मुलगी गेली होती नर्स व्हायला आणि तशीच परत आली, म्हणजे काय झालं असणार? नापास झाली. आठवड्याभरात गावाने ते ठरवूनही टाकलं. चक्कीवर दळण टाकायला गेलो होतो, तिथे चार-पाच जण होते. एक म्हणाला, "लय हुशार, लय हुशार करत होते. तथी गेल्यावर समजलं." दुसरा म्हणाला, "इंग्रजी विचारलं असन, ततपप झालं असन." मग चक्कीवाला माझ्याकडे वळला, "तूच वाचला होता ना कागद? काय झालं?"

इथे मी एक वाक्य बोलू शकलो असतो. आणि मी बोललोही. म्हणालो, "कॉम्पिटिशन लय होती म्हणते."

नापास या शब्दावर शिक्का असा माझाच बसला. पारावर ज्या चार माणसांसमोर वडिलांनी शब्द दिला होता त्यांतली दोन तिथे होती. कोणी विचारलं नाही, की तू तिला सौंसरला सोडलं होतं का. वडिलांनी शब्द देताना सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, तो पाळला का ते पाहायची जबाबदारी कोणावर आली नव्हती.

बहिणीचं लग्न जमलं. पाव्हण्यांना भारतीय बैठक फार भावली होती. मामा म्हणाले, "आम्हाले काहीच नको. हौसेनं मुलीले फक्त असाच एक सोफा द्या." असाच दुसरा कुठून आणणार? वडिलांनी सुताराकडून त्याच सीटला पाय लावून घेतले, नवं कापड चढवलं आणि तीच दिली. बहीण ती घेऊन काटोलकडे गेली. नवऱ्याला दुसऱ्या दिवशीच कळलं असेल, खालून बोल्टांचे कान दिसत होते. तो कधी काही बोलला नाही. तोच काय तो आमच्यातला सभ्य माणूस, आणि तोही फक्त एकदाच बोलला होता, त्या गादीवरून. आमच्या व्हॅनमध्ये मग शेवटपर्यंत पोतीच राहिली. बाजाराच्या दिवशी सगळं गाव पोत्यावर बसून सौंसरला जायचं, कोणाची तक्रार नसे.

ती मुलगी आमच्या बागेत संत्री तोडायला यायची. तीन हंगाम आली, मग तिचं लग्न झालं, लोधीखेड्याकडे गेली. मी तिच्याशी त्या तीन हंगामांत बोललो असेन ते एवढंच, की ही फांदी झाली का, ती फांदी झाली का. वडील गेले. सालदार त्यांच्या आधी गेला. मी नोकरीला लागलो, पांढुर्ण्यात घर केलं. माझा अबोलपणा लोकांना गंभीरपणा वाटू लागला आणि लग्नकार्यात मला पुढच्या खुर्चीवर बसवू लागले.

दोन वर्षांपूर्वी ती मला पांढुर्ण्याच्या दवाखान्यात दिसली. सासूला घेऊन आली होती. केस पांढरे, चष्मा, पण ओळखली. सासूला बाकावर बसवून ती औषधाच्या चिठ्ठीवरचं वाचत होती, आणि शेजारच्या दोन अनोळखी बायकांनाही त्यांच्या चिठ्ठ्या वाचून सांगत होती. ही उपाशीपोटी, ही जेवल्यावर. मी वळून निघालो होतो. फाटकापर्यंत गेलोही. मग परत आलो, आणि तिथेच, रांगेच्या कडेला, तिला सगळं सांगितलं. बॅटरी, सोफा, गाद्या. चक्कीवरचं वाक्यसुद्धा.

तिने मधे एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "हे मले सांगून काय फायदा भाऊ? मले तर त्याच दिवशी माहीत होतं. गाडी माह्या समोरूनच गेली ना."

"आणि बाबाले?"

"बाबाले काय, डोळे नव्हते?" ती म्हणाली. "पाडवा पाच महिने दूर होता. तुमच्याच घरी राबायचं होतं. मले म्हणे, तोंड उघडू नको."

म्हणजे विहिरीवरचा तो प्रश्न टोमणाच होता. मी काहीतरी माफीचं बोलायला लागलो. तिने हात वर केला.

"ते राहू द्या. माह्या सासरी आजही म्हणतेत, हिनं परीक्षा देल्ली होती, पण नापास झाली. परवा नातवाले रागावली अभ्यासावरून, तं तो म्हणते, आजी तू तं नापास झाली होती. आता त्याले काय सांगू? माह्या बोलण्याले कोण मानते? तुमी शिकले, तुमाले लोक मानतेत. खोटं गावासमोर बोलले, अन खरं दवाखान्याच्या कोपऱ्यात येऊन सांगून राहिले?"

मी म्हणालो, "काय करू?"

"सांगा ना तसंच. चौघांत. नाही जमत तं लिहा."

"सांगतो," मी म्हणालो. तेवढ्यात तिच्या सासूचा नंबर पुकारला. ती सासूच्या काखेत हात घालून आत गेली, मागे वळून पाहिलं नाही.

दोन वर्षं मला जमलं नाही. गावात जाऊन पारावर सांगायचं म्हणून तीनदा गेलो, तीनदा चहा पिऊन परत आलो. तोंडाने जमत नाही ते हाताने जमतं का पाहतो आहे. म्हणून इथे, जो कोणी वाचेल त्याच्यासमोर लिहितो. ती नापास झाली नव्हती. तिला कोणी एक प्रश्नही विचारला नाही. छिंदवाड्याला तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती बसमध्ये होती, कारण तिला वेळेवर सौंसरला पोहोचवायचा शब्द आम्ही दिला होता, आणि गाडी चालू होती, जागा होती, रस्ता तोच होता, आणि गाडी मी चालवत होतो. हे छापून आलं की एक प्रत तिच्या नातवाच्या हातात नेऊन देणार आहे, आणि तो वाचेपर्यंत समोर उभा राहणार आहे.